शाफ्ट पुन्हा बसवला

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

परवा फोनवर मागे ग्राइंडर चालू होता, धड बोलताच आलं नाही. आई, "एवढं कसलं काम चाललंय?" असं तू विचारलंस, तेच लिहिते. बाबांना वाचून दाखव.

काँक्रीट मिक्सरचा मुख्य शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, झिजला होता. बेअरिंगची बैठक, म्हणजे त्यावर बेअरिंग बसतं ती जागा, 50 मिलिमीटरची हवी, मायक्रोमीटरवर 49.82 भरली. आणि बाबा, तिच्यावर पंचचे ठिपके! आधी कुणीतरी ठोकून ठोकून बेअरिंग घट्ट केलं होतं. फार वाईट वाटलं. ती उठलेली टोकं थोड्याच दिवसांत दबतात, बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर पुन्हा फिरू लागते आणि शाफ्टला आणखी खाते.

वेल्डिंगने भर द्यायला मी लगेच तयार नव्हते. मध्यम कार्बनचं पोलाद, उष्णता चुकली तर कडक होऊन तडकतं. म्हणून आधी रंग लावून चीर तपासली, खांद्याच्या, म्हणजे शाफ्टची जाडी बदलते तिथल्या, कोपऱ्यात तर दोनदा. तिथे चीर सापडली असती तर शाफ्ट भंगारातच टाकला असता. मग ठिपक्यांचा थर लेथवर उतरवला, शाफ्ट 250 अंशांपर्यंत तापवला आणि कोरडे केलेले लो-हायड्रोजन रॉड वापरले. एक रेघ वर, पुढची बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणजे ओढ एकीकडेच बसत नाही. रात्रभर चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवला. बाबा, घाईने गार करू नकोस म्हणून तुम्ही माझा हात धरला होतात, ते त्या रात्री सारखं आठवत होतं.

तरी सकाळी डायल गेजवर 0.12 मिलिमीटरचा बाक निघालाच. प्रेसवर हळूहळू 0.03 पर्यंत आणला, मग टर्निंग, शेवटी ग्राइंडिंग. बैठक 50.01 वर आली. खांद्याचा कोपरा काटकोनात न ठेवता गोलाईत घेतला, कारण चीर तिथूनच सुरू होते. बेअरिंग तापवून सरकवलं, हातोडा लागलाच नाही.

पण शाफ्ट झिजलाच का? ते शोधायला आणखी अर्धा दिवस गेला. मोटरच्या एका पायाखालची शिम, म्हणजे उंची जुळवायची पातळ पत्री, गायब होती. बोल्ट आवळला की मोटर मुरगळायची आणि तिला पुढे जोडणारं कपलिंग सरळ रेषेत राहायचं नाही. शिम घालून रेषा जुळवली. एवढं केलं नसतं तर माझं सगळं वेल्डिंग वाया गेलं असतं.

काल पूर्ण भार टाकून चालवला. दोन तासांनी बेअरिंगच्या घरावर हात ठेवला, कोमट होतं.

बाबा, जुन्या बेअरिंगची आतली रिंग येताना घेऊन येते. फिरल्याच्या खुणा तिच्यावर स्पष्ट आहेत. डोळ्यांना दिसल्या नाहीत तरी नखाला लागतील.

तुमची लेक