पहिलीच्या बाईंना, चौथीच्या वर्गातून

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी शाल-श्रीफळाच्या गडबडीत माझं बोलायचं राहून गेलं. तोंडावर आभार मानले असते तर "पुरे गं" म्हणून तुम्ही विषयच बदलला असता. म्हणून हे उघड पत्र. ज्यांच्या वर्गात चौथीची हजेरी आणि पहिलीचं वाचन शेजारी शेजारी बसतं, त्या सगळ्यांनी वाचावं.

माझ्या वर्गात तेव्हा ४१ मुलं होती आणि सगळ्यांना वाचता येतं असं मला खरंच वाटायचं. मी एक ओळ म्हणायचे, मागून वर्ग म्हणायचा, नुसता घुमायचा. तुम्ही एकदा खडू मागायला आलात, दारात थांबलात आणि मागच्या बाकावरच्या मुलाला म्हणालात, "धड्याची शेवटची ओळ आधी वाच बरं." तो गप्प. पहिल्या ओळीपासून त्याला धडा पाठ होता. शेवटून विचारल्यावर सगळं उघडं पडलं. मला त्या दिवशी तुमचा भयंकर राग आला होता, हे आज सांगून टाकते.

मग मधल्या सुट्टीत एकेकाला जवळ बसवून वाचून घेतलं. मुलांना वाचता येतं का हे घरोघरी तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत असते तीच उतरंड: आधी सोपा परिच्छेद, जमला तर गोष्ट, नाही तर सुटे शब्द, पाचांतले चार आले नाहीत तर अक्षरं. (२००५ पासूनची ती पाहणी खेड्यांतली. पण आपलं तुर्भे नवी मुंबईत, शहरात येतं हे कागदाला कुठं कळतं?) अक्षरांवरच अडलेली ९ मुलं निघाली. चौथीत!

मी लगेच त्यांच्या हाती पहिलीचं पुस्तक दिलं. तुम्ही ते काढून घेतलंत. "वाचन पहिलीचं असलं तरी पोरगा दहा वर्षांचा आहे. कमळ-बदक दिलंस तर बाकाखाली लपवेल." पातळीनुसार गट, गटानुसार उपक्रम हे प्रशिक्षणात कितीदा ऐकलं होतं, अक्षर सोपं आणि विषय वयाचा, ही मेख तुमच्याकडून कळली. त्या मागच्या बाकावरच्या मुलाचे वडील एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, माथाडी. तुम्ही त्याच्यापुढे चार पत्ते मांडलेत: दर, वजन, अडत, फणस. एकालाही काना-मात्रा नाही. पोरगं सरसावून बसलं. मग काना आला: माल, काटा, बाजार, हमाल. काही दिवसांनी त्यानं आपणहून 'काटा मार' असं जुळवलं आणि आपण दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

गटांना अ, ब, क, ड म्हणायचं नाही, हाही तुमचाच हट्ट. मुलांना लगेच कळतं 'ड' म्हणजे काय. म्हणून ठाण्याच्या गाडीची स्टेशनं: अक्षरवाले तुर्भे, शब्दवाले कोपरखैरणे, परिच्छेदवाले घणसोली, गोष्टवाले रबाळे. जो मनाने पुस्तक उचलून वाचेल तो ठाण्याला पोचला. मी शंका काढली होती, की 'तुर्भे'मध्ये रफार आहे, त्या मुलांना आपल्या गटाचं नावही वाचता येणार नाही. "वाचता येईल तोवर स्टेशन सुटलेलं असेल," म्हणालात.

एक तास गट, बाकी दिवसभर सगळा वर्ग एकत्र. हे मला उशिरा पटलं. ज्याला 'घर' वाचता येत नाही त्याला चौथीची गोष्ट ऐकून मात्र नीट कळते, प्रश्नही तोच पहिला विचारतो. रोज मोठ्याने वाचून दाखवायचं तुम्ही कधी चुकू दिलं नाहीत. आणि निपुण भारत या सरकारी वाचन-गणित अभियानाच्या उद्दिष्टासाठी, म्हणजे तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, मी घड्याळ लावलं की पोरं धावत सुटायची. तुम्ही मध्येच पुस्तक मिटवून विचारायचात, "कोण कुठं गेलं?" धावणाऱ्यांची तंद्री उतरायची.

सगळं पटलं असं मात्र नाही. अनुलेखन तुम्हाला आवडत नसे, मी अजून देते. आणि त्या तासापायी माझा अभ्यासक्रम मागे पडला तेव्हा बोलणी मीच खाल्ली, तुम्ही पहिलीत निवांत होतात!

तो मुलगा मार्चपर्यंत घणसोलीला पोचला, रबाळे राहिलंच. त्याला शेवटपर्यंत नडला तो र. 'सूर्य'मध्ये डोक्यावर, 'प्रकाश'मध्ये पोटाशी, 'ट्रक'मध्ये पायाखाली, 'दऱ्या'मध्ये आणखी वेगळा. "बाई, हा एकच र आहे ना?" असं वैतागून विचारायचा. ट्रकवर रोज बसणारा पोरगा, 'ट्रक' शब्दापाशी थबकायचा.

तुमचा पत्त्यांचा बिस्किटाचा डबा माझ्याकडेच आहे. परत मागू नका. र चे पत्ते सगळ्यांत आधी फाटले, या दिवाळीच्या सुट्टीत नवे कापून ठेवलेत.

तुमची,
चौथीची बाई, तुर्भे