ओटीपी जपायचा ग्राहकाने. लॉगिन बांधणाऱ्याला प्रश्न कोण विचारणार?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या आपल्या दैनिकात वारंवार येतात आणि बहुतेक बातम्यांच्या शेवटी सायबर पोलिसांचे आवाहन असते की, ओटीपी कोणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, पासवर्ड बदलत राहा. ग्राहकाने सावध राहायलाच हवे, याबद्दल दुमत नाही. मात्र ज्या संकेतस्थळावर त्याने विश्वासाने आपले नाव, पॅन क्रमांक आणि खात्याचा तपशील भरला, त्या संकेतस्थळाचे लॉगिन नीट बांधले होते की नाही, ही चौकशी बातमीत क्वचितच दिसते आणि ते संकेतस्थळ विकत घेणाऱ्या संस्थेच्या बैठकीत तर त्याहूनही क्वचित होते. मी बऱ्याच वर्षांपासून पुण्यात वेब ॲप्लिकेशन बांधण्याचे आणि इतरांनी बांधलेली तपासण्याचे काम करतो, नव्या अभियंत्यांच्या मुलाखतीही घेतो. ग्राहकाला दिल्या जाणाऱ्या सूचनांइतकेच ठळकपणे काही प्रश्न सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांनाही विचारले गेले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे, म्हणून हे पत्र.

पहिला प्रश्न पासवर्ड कसा साठवता, हा. माझ्या नात्यातील एका ज्येष्ठ गृहस्थांचे खाते एका पतसंस्थेत आहे. तिच्या संकेतस्थळावर त्यांनी ‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्यावर क्लिक केले, तेव्हा काही क्षणांत त्यांना ईमेल आला आणि त्यात त्यांचा मूळ पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला होता. त्यांना ही सोय फार आवडली. मला मात्र त्या एका ईमेलवरून कळले की, हजारो सभासदांचे पासवर्ड त्या सर्व्हरवर कोणालाही वाचता येतील अशा किंवा सहज उलगडता येतील अशा रूपात पडून आहेत. नीट बांधलेल्या व्यवस्थेला तुमचा पासवर्ड माहीतच नसतो. तिच्याकडे असतो तो त्या पासवर्डवर गणिती प्रक्रिया करून काढलेला हॅश. हॅशवरून मागे मूळ पासवर्डाकडे जाता येत नाही, त्यामुळे विसरलेला पासवर्ड परत पाठवणे अशा व्यवस्थेला शक्यच नसते. ती फक्त नवा ठेवण्यासाठी थोड्या वेळापुरता चालणारा दुवा देऊ शकते.

हे ज्ञान नवे नाही. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली युनिक्स या संगणक-प्रणालीच्या अनुभवावरून लिहिलेल्या निबंधात हॅश मुद्दाम संथ करण्याची आणि प्रत्येक पासवर्डात वेगळा यादृच्छिक अंश, म्हणजे सॉल्ट, मिसळण्याची कारणे सविस्तर मांडली होती. १९९९ मध्ये बीक्रिप्ट ही अशी संथ हॅश-पद्धत आली, तर २०१५ मध्ये खास याच कामासाठी घेतलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आर्गॉन२ विजयी ठरले, आणि दोन्ही आज प्रत्येक प्रचलित प्रोग्रामिंग भाषेत फुकट उपलब्ध आहेत. तरीही तपासणीत मला आजही एमडी५ ही जुनी हॅश-पद्धत सापडते, तेही सॉल्टविना. एमडी५ वेगासाठी बनवलेले आहे. बाजारात मिळणारे एक ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी एमडी५ काढू शकते, त्यामुळे संभाव्य पासवर्ड एकामागून एक हॅश करून ताडून पाहिले की ‘गणेश१२३’ सारखा पासवर्ड ओळखायला क्षणही लागत नाही. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले, ते एसएचए-१ या तशाच वेगवान पद्धतीचे आणि सॉल्टविना होते, आणि २०१६ मध्ये त्याच चोरीतील सुमारे ११.७ कोटी खात्यांची माहिती विक्रीला आली. अडोबीने तर हॅश न करता सर्व पासवर्ड एकाच किल्लीने कुलूपबंद केले होते. त्यामुळे २०१३ च्या गळतीत सारखे पासवर्ड सारखेच दिसत होते आणि त्यांच्या शेजारी ग्राहकांनी स्वतःच लिहिलेल्या आठवणीच्या खुणा उघड्या होत्या. एवढ्या मोठ्या कंपन्यांकडून जे घडले, ते तालुक्याच्या ठिकाणी कमीत कमी दरात संकेतस्थळ करून घेणाऱ्या संस्थेत घडणार नाही, असे मानायला काहीही आधार नाही.

दुसरा प्रश्न ओटीपीचा, आणि आपल्याकडे तो सर्वांत निकडीचा आहे, कारण पासवर्ड पूर्णपणे काढून टाकून केवळ मोबाइल क्रमांक आणि ओटीपी यांवर चालणारी ॲप्स आपल्याकडे सर्रास आहेत. चार अंकी ओटीपीच्या शक्यता एकूण १०,००० असतात. एखादी साधी स्क्रिप्ट सेकंदाला २० वेळा प्रयत्न करत राहिली, तर या सगळ्या शक्यता साडेआठ मिनिटांच्या आत संपतात आणि ओटीपी अनेक ठिकाणी दहा मिनिटे चालतो. म्हणजे चुकीच्या प्रयत्नांची मोजदाद होत नसेल, तर ग्राहकाने ओटीपी कोणालाही न सांगता त्याचे खाते उघडता येते. सहा अंक केले की शक्यता दहा लाख होतात, परंतु तेवढ्याने भागत नाही, हे दोन भारतीय संशोधकांनी जगाला दाखवून दिले आहे. २०१६ मध्ये बेंगळुरूच्या आनंद प्रकाश यांनी फेसबुकला कळवले की, मुख्य संकेतस्थळ दहा-बारा चुकीच्या प्रयत्नांनंतर दार बंद करते, पण त्याच कंपनीच्या चाचणीसाठी ठेवलेल्या उपस्थळावर ही मर्यादा लावायची राहून गेली आहे. या कामाबद्दल त्यांना १५ हजार डॉलरचे बक्षीस मिळाले. २०१९ मध्ये तमिळनाडूच्या लक्ष्मण मुथय्या यांनी इन्स्टाग्रामच्या पासवर्ड बदलण्याच्या व्यवस्थेत याहून सूक्ष्म उणीव शोधली. तेथे मर्यादा होती, पण ती प्रत्येक आयपी पत्त्यामागे, म्हणजे इंटरनेटवरील जोडणीच्या क्रमांकामागे, मोजली जात होती. त्यांनी एक हजार वेगवेगळ्या पत्त्यांवरून दोन लाख प्रयत्न यशस्वीपणे पाठवून दाखवले आणि असे पाच हजार पत्ते भाड्याने घेऊन दहा लाख शक्यता पूर्ण करायला सुमारे १५० डॉलर पुरतील, असा हिशेब मांडला. त्यांना ३० हजार डॉलर मिळाले. यातून विकसकाने घ्यायची गोष्ट सरळ आहे. मोजदाद खात्यामागे आणि त्या विशिष्ट ओटीपीमागेही हवी, पाचेक चुकांनंतर तो ओटीपीच रद्द व्हावा, आणि एकदा वापरलेला पुन्हा चालू नये.

याहून वाईट प्रकारही मी पाहिले आहेत. एका ॲपची तपासणी करताना मी ब्राउझरमधील विकसकांसाठीची खिडकी उघडली, परक्याचा वाटेल असा एक चाचणी क्रमांक टाकला आणि ‘ओटीपी पाठवा’ हे बटण दाबले. मोबाइलवर संदेश येण्याआधीच सर्व्हरच्या उत्तरात यशाचा निरोप, क्रमांक आणि त्याखाली तो ओटीपी अशा तीन ओळी माझ्यासमोर होत्या. पडताळणी ब्राउझरमध्येच व्हावी, म्हणजे सर्व्हरला पुन्हा विचारावे लागू नये, या हेतूने तो तेथे पाठवला होता. हे लिहिणारा मुलगा हुशार होता आणि मेहनतीही. ब्राउझर हा वापरकर्त्याच्या ताब्यातला असतो, तेथे पोहोचलेले काहीही गुप्त राहत नाही आणि तेथे झालेली कोणतीही तपासणी खरी मानता येत नाही, एवढे त्याला कधी कोणी सांगितलेच नव्हते.

तिसरा प्रश्न लॉगिन झाल्यानंतरचा आहे. सोसायटीच्या फाटकावर रखवालदाराने नाव विचारून आत सोडले, म्हणून कोणीही कोणत्याही सदनिकेत शिरू शकत नाही, कारण प्रत्येक दाराला स्वतःचे कुलूप असते. असंख्य संकेतस्थळांत मात्र फाटकाच्या आत एकही कुलूप नसते. विद्यार्थी स्वतःच्या नावाने आत येतो, त्याची गुणपत्रिका उघडते, ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत शेवटी एक क्रमांक दिसतो, तो एकाने वाढवला की पुढच्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका, छायाचित्र आणि जन्मतारीख समोर येते. सर्व्हर त्याला ‘तू कोण’ एवढेच विचारतो, ‘हा कागद तुझा आहे का’ हे विचारत नाही. अमेरिकेतील फर्स्ट अमेरिकन या मालमत्ता-विमा कंपनीच्या संकेतस्थळावर २०१९ मध्ये असाच प्रकार उघडकीला आला. तेथे तर फाटकही नव्हते आणि पत्त्यातील क्रमांक बदलत गेल्यास सुमारे ८८.५ कोटी दस्तऐवज कोणालाही पाहता येत होते. त्यांत बँक खात्यांचे तपशीलही होते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या धोक्यांच्या यादीत अधिकार-तपासणीतील ही उणीव २०१७ मध्ये पाचव्या क्रमांकावर होती, ती २०२१ मध्ये पहिल्या क्रमांकावर आली. मुलाखतीत मी हा प्रश्न हमखास विचारतो आणि बरेच उमेदवार उत्तर देतात की, ज्याला अधिकार नाही त्याला ते बटण आम्ही दाखवतच नाही. बटण लपवल्याने पत्ता लपत नाही, हे त्यांना दाखवून दिले की त्यांच्या लगेच लक्षात येते. म्हणजे समज कमी नाही, शिकवणे कमी पडले आहे.

सेशनविषयी, म्हणजे लॉगिनपासून लॉग आउटपर्यंत सर्व्हर तुम्हाला ज्या क्रमांकावरून ओळखतो त्याविषयी, थोडक्यात लिहितो. लॉगिन होताच सेशनचा क्रमांक नवा दिला जावा, तो क्रमांक ब्राउझरमध्ये जपणारी कुकी पानावरील स्क्रिप्टला वाचता येऊ नये व केवळ एचटीटीपीएस या सांकेतिक जोडणीवरूनच जावी, आणि ‘लॉग आउट’ दाबल्यावर ते सेशन सर्व्हरवरही संपावे. सायबर कॅफेतून किंवा महा-ई-सेवा केंद्रातून अर्ज भरणाऱ्यांसाठी हे शेवटचे फार मोलाचे आहे.

येथे ‘पासवर्ड बदलत राहा’ या सल्ल्याबद्दलही लिहिले पाहिजे, कारण तो आजही फलकांवर आणि परिपत्रकांत दिसतो. ठरावीक काळाने सक्तीने पासवर्ड बदलायला लावण्याची आणि त्यात एक अंक, एक मोठे अक्षर, एक चिन्ह मागण्याची प्रथा ज्या अमेरिकी मार्गदर्शिकेमुळे पसरली, ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये आपल्या त्या शिफारशींबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्ट या अमेरिकी मानक संस्थेने सुधारित मार्गदर्शिकेत ही सक्ती नको, लांब पासवर्ड चालू द्या, आणि आधी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत असलेला पासवर्ड स्वीकारू नका, असे सांगितले. सक्ती केली की माणसे जुन्याच पासवर्डाचा शेवटचा आकडा वाढवतात. ग्राहकाला हा त्रास देण्यापेक्षा फुटलेल्या पासवर्डांची यादी तपासण्याचे काम सर्व्हरने करावे.

मग हे प्रश्न विचारायचे कोणी? आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात लॉगिन असतेच, पण बाह्य परीक्षक डॅशबोर्डवरचे आलेख पाहतात. नावाच्या चौकटीत एक अवतरणचिन्ह टाकून डेटाबेसची क्वेरी, म्हणजे त्याला दिलेली आज्ञा, मोडते का, हे पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. परीक्षकांनी एवढे जरी सुरू केले, तरी पुढच्या वर्षीची मुले क्वेरीत मजकूर जोडण्याऐवजी तो पॅरामीटर म्हणून, म्हणजे आज्ञेपासून वेगळा, देऊ लागतील.

खरा अधिकार मात्र सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांकडे आहे. बँकांवर रिझर्व्ह बँकेचे लक्ष असते आणि कार्डावरील ऑनलाइन व्यवहारांना २००९ पासून तिने दुसऱ्या टप्प्याची ओळख सक्तीची केली. पतसंस्था मात्र बँका नाहीत. त्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या असून रिझर्व्ह बँकेचे हे नियम त्यांना लागू होत नाहीत. म्हणून पतसंस्थांच्या संकेतस्थळांसाठी किमान अटी घालून देण्याचे काम सहकार आयुक्तालयाचेच आहे. नगरपालिका व शासकीय संकेतस्थळांचे सुरक्षा-ऑडिट सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सूचीतील संस्थेकडून करून घेतले जाते, ही चांगली गोष्ट आहे, परंतु ते त्या दिवशीच्या आवृत्तीचे असते. नंतर घाईत जोडलेले मालमत्ता कराचे किंवा तक्रारीचे पान तपासणीशिवाय सुरू होते आणि प्रमाणपत्र मात्र जुनेच दाखवले जाते. निविदेत प्रत्येक मोठ्या बदलानंतर फेरतपासणीची अट आणि तिच्यासाठी वेगळी रक्कम असली पाहिजे. त्या रकमेशिवाय कमीत कमी दराच्या ठेकेदाराकडून ती होणार नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

कायदाही आता त्याच दिशेने आला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवणे व यंत्रणेतील नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये फसलेल्या लॉगिनची नोंदच होत नाही, ते वापरणारी संस्था हे निर्देश पाळणार कशी, हे संचालक मंडळांनी आपल्या पुरवठादाराला लेखी विचारावे.

आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. यापुढे एखाद्या संस्थेतून माहिती फुटल्याची बातमी देताना त्या संस्थेला तीन गोष्टी विचारून त्यांची उत्तरे छापावीत. पासवर्ड कोणत्या पद्धतीने साठवले होते, ओटीपीच्या चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा किती होती, आणि शेवटची तपासणी कोणत्या तारखेला व कोणत्या आवृत्तीची झाली. उत्तर मिळाले नाही, तर तेही छापावे.

आपला विश्वासू,
एक सॉफ्टवेअर अभियंता,
कोथरूड, पुणे