चौथी ओळ कोरी सोडणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात कार्यालयातील एका बैठकीचा वृत्तान्त मी इंग्रजीत लिहिला आणि कोणाकडूनही तपासून न घेता पाठवून दिला. इतरांना ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण माझ्यासाठी ती किती मोठी आहे हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी ज्यांच्याकडे इंग्रजी शिकले, त्यांनी मला शब्दांच्या याद्या दिल्या. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एकच मराठी प्रतिशब्द, आणि दुसऱ्या दिवशी पाठांतराची परीक्षा. या शब्दाचे वाक्य कसे करायचे असे विचारले, तर ‘आधी शब्दसंग्रह वाढवा, वाक्ये आपोआप येतील’ हे उत्तर ठरलेले असे. वाक्ये आपोआप आली नाहीत. एका ठिकाणी तर माझे वय पाहून ‘आता एवढ्यावरच समाधान माना’ असेही सुचवले गेले. त्या शिकवण्याविषयी माझ्या मनात राग आहे आणि तो लपवावा असे मला वाटत नाही, कारण उणीव माझ्या बुद्धीत नसून पद्धतीत होती, हे कळायला मला फार उशीर लागला.

‘रिलक्टंट’ हा शब्द घेऊन मी आपल्याकडे आले, तेव्हा माझ्या वहीत त्याच्यापुढे ‘नाखूश’ असे लिहिलेले होते. आपण ते खोडले नाही. एका कागदावर आपण आधी सोप्या इंग्रजीत अर्थ लिहिला: एखादी गोष्ट करण्याची इच्छा नाही, आणि म्हणून ती करताना माणूस कचरतो, वेळ लावतो. मग त्याखाली तीन वाक्ये लिहिली. ‘शी वॉज रिलक्टंट टु लीव्ह द हाउस.’ ‘ही वॉज रिलक्टंट टु अॅडमिट दॅट ही वॉज अफ्रेड.’ ‘आफ्टर अ लाँग सायलेन्स ही गेव्ह अ रिलक्टंट नॉड.’ पहिल्या दोन वाक्यांनी मला दाखवले की या शब्दामागून ‘टु’ आणि क्रियापद येते. तिसऱ्याने दाखवले की तो नामाच्या आधीही बसतो, आणि माणूसच नव्हे तर त्याची मान हलवणेसुद्धा ‘रिलक्टंट’ असू शकते. व्याकरणाचा एकही नियम न सांगता हे सारे माझ्यापर्यंत पोहोचले. चौथी ओळ आपण कोरी सोडलीत आणि लेखणी माझ्या हातात दिलीत.

मी लिहिले, ‘माय मदर वॉज रिलक्टंट टु आस्क फॉर हेल्प.’ आपण ते ‘छान’ म्हणून बाजूला ठेवले नाही. कागद उचलून आपण चारही वाक्ये मोठ्याने वाचलीत, क्रमाने, एकाच आवाजात, एकाच गतीने. आपली तीन वाक्ये आणि माझे एक, यांत ऐकणाऱ्याला काहीही फरक जाणवला नसता. आजवर माझे इंग्रजी कोणी असे वाचले नव्हते. इतरांनी ते तपासले होते, त्यावर हसले होते, पण कोणी ते इंग्रजी म्हणून वाचले नव्हते. बाई, आपण मला पुष्कळ शिकवलेत, पण या एका वाचनाचे ऋण सर्वांत मोठे आहे.

शब्दकोशांचा इतिहासही आपण याच आस्थेने सांगितलात. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात ‘नेटवर्क’ची केलेली व्याख्या मूळ शब्दाहून कितीतरी अवघड आहे, हे आपण वाचून दाखवलेत, आणि त्याच जॉन्सन यांनी शब्दांखाली हजारो अवतरणे देऊन ते वापरात दाखवले, हेही तितक्याच आदराने सांगितलेत. बंगालमध्ये अनेक वर्षे शिक्षणाचे काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९३५ मध्ये जेम्स एंडिकॉट यांच्यासह केलेल्या कोशात अवघे १,४९० साधे शब्द पुन्हा पुन्हा वापरून सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ सांगितले. टोकियोत शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह परभाषक विद्यार्थ्यांसाठी रचलेला कोश १९४२ मध्ये जपानमध्ये निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रकाशित केला. १९८७ च्या ‘कोबिल्ड’ कोशाने तर व्याख्याच पूर्ण वाक्यात लिहिल्या, त्यामुळे शब्द कोणत्या सोबतीने येतो हे अर्थ वाचतानाच दिसू लागले.

ही नावे ऐकताना मला या माणसांच्या सौजन्याचे अप्रूप वाटत राहिले. अवघड शब्दाचा अर्थ अवघड शब्दांत सांगणे विद्वानाला सोपे असते. तो मोजक्या, साध्या शब्दांत बसवण्यासाठी मात्र त्याला स्वतः कष्ट घ्यावे लागतात, आणि ते कष्ट तो कधीही न भेटलेल्या वाचकासाठी घेतो. समोरच्याला कमी कळते म्हणून त्याला कमी लेखायचे नाही, उलट त्याच्या वाट्याचा भार आपण उचलायचा, ही वृत्ती मला त्या कोशांत दिसली आणि आपल्यातही दिसली. शिकवणाऱ्यांमध्ये ती सर्वत्र असती, तर माझ्यासारख्या कित्येकांची उमेदीची वर्षे वाचली असती.

आता मी इंग्रजी-इंग्रजी कोशच वापरते. अर्थ वाचते, उदाहरणे मोठ्याने वाचते आणि मगच स्वतःचे वाक्य लिहिते. सध्या ‘इन्सिस्ट’ आणि ‘पर्सिस्ट’ हे दोन शब्द हाती घेतले आहेत. पहिल्यामागून ‘ऑन’ येते आणि दुसऱ्यामागून ‘इन’, एवढे उदाहरणांवरून ध्यानात आले आहे. पुढच्या भेटीत वही घेऊन येईन, ती आपण पाहावी अशी विनंती आहे.

मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी