इथल्या ब्रुअऱ्यांची चुरस आणि आपलं सवाई

लाँगमाँट, कोलोरॅडो

ती. मामास सा. न. वि. वि.

फॅमिली ग्रुपवर टाकलेला तो बिअरच्या कॅनचा फोटो बघून तू विचारलंस की एकाच कॅनवर दोन कंपन्यांची नावं कशी, पार्टनरशिप झाली की एकाने दुसऱ्याला गिळलं. दोन्ही नाही रे. फोनवर सांगायला घेतलं की तू दोन मिनिटांत क्रिकेटवर जातोस म्हणून आता सविस्तर लिहितो.

इथे जवळपास प्रत्येक गावाची आपली ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवायचा कारखाना, असते आणि प्रत्येक गावाला आपलीच भारी वाटते. आमच्या गावात लेफ्ट हँड, त्यांची मिल्क स्टाउट म्हणजे काळीभोर, जराशी गोडसर. शेजारच्या लायन्समधून ऑस्कर ब्लूज निघाली, त्यांनी 2002 मध्ये बिअर कॅनमध्ये भरायला घेतली तेव्हा कॅन म्हणजे स्वस्तातला माल असाच समज होता, आज बघावं तर सगळे कॅनच भरतायत. उत्तरेला फोर्ट कॉलिन्समध्ये न्यू बेल्जियम आणि ओडेल, इकडे बोल्डरला एव्हरी. हे सगळं तासाभराच्या ड्राइव्हमध्ये! म्हणजे खुन्नस असायला पाहिजे ना? आहे पण. मेडल कोणाला मिळालं, कोणाची आयपीए (कडवट चवीची बिअर) आता पूर्वीसारखी राहिली नाही, यावर टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीच्याच बारमध्ये, तासन्‌तास काथ्याकूट चालतो.

पण गंमत अशी की डेन्व्हर परिसरात 2014 पासून कोलॅबरेशन फेस्ट भरतो आणि तिथे नियमच असा की जी बिअर ठेवायची ती किमान दोन ब्रुअऱ्यांनी मिळून बनवलेली पाहिजे. एकट्याची बिअर आणायचीच नाही, सगळी जुगलबंदी. असल्या बिअरच्या कॅनवर मग दोघांची नावं. तशी एक बॅच लागताना मी आमच्या इथल्या एका छोट्या टॅपरूमच्या काचेतून बघत होतो. पाहुणा ब्रुअर गमबूट घालून आला, आता हा रेसिपीवर काहीतरी ज्ञान देणार असं मला वाटलं, तर त्याच्या हातात फावडं दिलं आणि टाकीतलं उकडलेलं जव उपसायला लावलं. गरम वाफ, घामाघूम, आणि यजमान बाजूला उभा राहून दात काढतोय. पाहुण्याला सगळ्यात वैताग काम द्यायचं ही पद्धतच आहे म्हणे, पुढच्या वेळी हा त्याच्याकडे गेला की तो वसूल करणार. उपसलेला चोथा गुरांना जातो, तो न्यायला एक शेतकरी पिकअप घेऊन आलाच होता.

हे सगळं मला नीट कळलं ते लायन्सच्याच रॉकीग्रास नावाच्या ब्लूग्रास संगीत महोत्सवामुळे. जुलैमध्ये असतो, ब्लूग्रास म्हणजे बँजो, फिडल, मँडोलिन असली मंडळी. तिथे स्पर्धा असते, वाद्यांची वेगळी, बँडची वेगळी. दिवसा ही पोरं एकमेकांच्या विरुद्ध स्टेजवर उतरतात आणि रात्री कॅम्पिंगच्या जागेत तंबूंच्या मध्ये खुर्च्या गोल करून तीच पोरं एकत्र वाजवतात, हरलेला जिंकलेल्याला विचारतो ती जागा तू कशी घेतलीस आणि तो दाखवतो सुद्धा. टेल्युराइडला तर त्याहून मोठा फेस्टिव्हल, 1974 पासूनचा, तिथली बँडची स्पर्धा 2006 मध्ये ग्रीनस्काय ब्लूग्रासने जिंकली आणि आज ते लोक मोठमोठी मैदानं भरवतात.

आता तुझ्या भाषेत सांगतो. सवाईला तू किराणा घराण्याच्या गाण्यावर जीव ओवाळून टाकतोस, पलीकडचे काका जयपूरशिवाय कशाला गाणंच म्हणत नाहीत, चहाच्या रांगेत तुमची जुंपते, पण सीझन तिकीट दोघांचं एकच असतं. किराणेवाला रंगला म्हणून जयपूरवाल्याचं तिकीट कमी खपलं असं होत नाही, उलट दोघं आहेत म्हणून तर मंडप भरतो. इथल्या ब्रुअऱ्यांचं गणित बरंचसं असंच आहे. अख्ख्या अमेरिकेत जेवढी बिअर विकली जाते त्यातली फक्त 13 टक्क्यांच्या आसपास या छोट्या लोकांची, बाकी सगळी बड्या कंपन्यांची आणि बाहेरून येणारी. मग शेजाऱ्याचं एक गिऱ्हाईक पळवण्यापेक्षा त्या 87 मधलं एक इकडे वळवलं तर दोघांचंही भलं. ज्याला शेजाऱ्याची आवडली तो उद्या माझीही चाखून बघणारच.

म्हणून मग अशा गोष्टी घडतात. बोल्डरची एव्हरी आणि कॅलिफोर्नियातली रशियन रिव्हर, दोघांच्याही एकेका बिअरचं नाव योगायोगाने सॅल्व्हेशन. दुसरा कोणी असता तर वकील लावला असता. यांनी दोन्ही सॅल्व्हेशन एकत्र मिसळल्या, 2006 मध्ये बाटल्या भरल्या आणि नाव ठेवलं ‘कोलॅबरेशन नॉट लिटिगेशन’, म्हणजे कोर्टकचेरी नको, एकत्र काम करू. मला हे प्रचंड आवडलं. आणि 2008 मध्ये हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) तुटवडा पडून भाव आकाशाला भिडले तेव्हा बॉस्टन बिअर नावाच्या मोठ्या ब्रुअरीने स्वतःच्या साठ्यातले 20,000 पौंड हॉप्स छोट्या ब्रुअऱ्यांना खरेदीच्या भावात दिले. म्हणजे त्यांच्याच प्रतिस्पर्ध्यांना!

ही मैत्री बिनशर्त आहे असं मात्र समजू नकोस. नॉर्थ कॅरोलायनात अॅशव्हिलला विकेड वीड नावाची ब्रुअरी, सगळ्यांची लाडकी, तिचा स्वतःचा एक फेस्टिव्हल असायचा. 2017 च्या मे महिन्यात तिने स्वतःला बडवायझरवाल्या कंपनीला विकलं आणि त्या फेस्टिव्हलला येणाऱ्या ब्रुअऱ्यांनी एकामागून एक नावं मागे घेतली. कालपर्यंत गळ्यात गळे, आज स्टॉल नको. मला आधी हा पोरकटपणा वाटला होता, आता वाटत नाही, कारण ज्याच्याविरुद्ध सगळे एकत्र होते त्याच्याच दारात एकजण जाऊन बसला तर बाकीच्यांनी हात कशाला मिळवायचा.

आणि एका ठिकाणी सवाईची उपमा सपशेल पडते. सवाईत प्रत्येकाला त्याचा वेळ ठरवून मिळतो. इथे पबमध्ये नळ मोजके, एकाचा केग (बिअरचं पिंप) उतरला तरच दुसऱ्याचा चढणार, दुकानातल्या फ्रीजचंही तेच. तिथे कोणी कोणाचं नसतं, सेल्सवाल्या पोरांना विचार. बाजार वाढत होता तोवर हे झाकून गेलं. आता देशभरात 9,000 च्या वर ब्रुअऱ्या झाल्यात, लोक पिणं कमी करतायत, आणि 2024 मध्ये उघडल्या त्यापेक्षा बंद जास्त पडल्या. न्यू बेल्जियमसारखी सुद्धा 2019 मध्येच जपानच्या किरिन ग्रुपकडे गेली. त्यामुळे फावडं हातात देण्याची ही थट्टा अजून किती वर्षं चालेल सांगता येत नाही. माझा अंदाज, छोट्यांमध्ये चालेल, कारण अर्ध्या रात्री पंप बिघडला तर सुटा भाग शेजाऱ्याकडेच मिळतो.

जाता जाता, मेडलं देणाऱ्या डेन्व्हरच्या मोठ्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलबद्दल एवढंच सांगतो. 1982 पासून चालू आहे. परीक्षकांमध्ये बरेच ब्रुअरच असतात, समोरच्या ग्लासात कोणाची आहे हे माहीत नसताना चाखायची, आणि ज्या गटात स्वतःची उतरवली त्या गटात बसायचं नाही. आणि गर्दीत कोणाच्या हातून ग्लास पडला की अख्खा हॉल एका सुरात ओरडतो. तुझ्या हातून हमखास पडेल.

आजीला पत्र वाचून दाखवणार असशील तर बिअरच्या जागी सरबत वाच, बँजोचा भाग मात्र आहे तसा वाच, तिला आवडेल. मामीला नमस्कार. आणि यंदाच्या सवाईचं वेळापत्रक आलं की लगेच पाठव, डिसेंबरची रजा अजून टाकलेली नाहीये.

तुझा भाचा