एसीवर बर्फ साचला की आधी फिल्टर पाहावा, मग गॅस

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

भर उन्हाळ्यात आणि पुढे मृगाच्या तोंडावर बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरगुती एसीची एक तक्रार हमखास कानावर येते. रात्री कधीतरी थंड हवा येईनाशी होते, सकाळी पुढचे झाकण उघडून पाहावे तर आतल्या कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, पांढरा बर्फ चढलेला असतो, आणि तो वितळू लागला की भिंतीवरून पाण्याचे ओघळ सुरू होतात. मेकॅनिकला फोन केल्यावर पुष्कळदा यंत्र न पाहताच उत्तर मिळते, ‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ या उत्तराबद्दलच थोडे लिहायचे आहे.

एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो, कधी द्रव तर कधी वायू होऊन, वर्षानुवर्षे फिरत असतो. तो खरोखर कमी झाला असेल, तर बसवतानाच कमी भरला गेला असेल किंवा कोठेतरी गळती असेल, आणि ती न शोधता वरून गॅस भरून घेणे म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचा खर्च आजच ठरवून ठेवणे होय.

शिवाय बर्फ साचण्याचे कारण दर वेळी गॅस नसतेच. यंत्र ठीक चालत असताना कॉइलचे तापमान शून्याच्या बरेच वर राहते, हवेतील बाष्पाचे तिच्यावर पाणी होते आणि ते नळीवाटे बाहेर जाते. खोलीतली उबदार हवा कॉइलवरून पुरेशी फिरली नाही, तर तिला उष्णता मिळत नाही, ती शून्याखाली उतरते आणि तेच पाणी जागच्या जागी गोठते. पुढे हा बर्फच हवेची वाट अडवतो आणि स्वतःला वाढवत नेतो. गॅस कमी असल्यावर दाब उतरतो, गॅस आणखी कमी तापमानाला उकळू लागतो आणि परिणाम तोच दिसतो. म्हणून नुसता बर्फ पाहून निदान करता येत नाही.

हवा अडण्याचे पहिले ठिकाण म्हणजे फिल्टर. शहापूर-वडगावात माग चालणाऱ्या गल्ल्यांत सुताचे बारीक तंतू हवेत असतात आणि उद्यमबागेच्या बाजूला फाउंड्रीची काळी भुकटी; अशा ठिकाणी फिल्टरवर नमद्यासारखा करडा थर बसायला फार दिवस लागत नाहीत. फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. पलीकडचे दिसत नसेल तर हवाही जात नाही, हे उघड आहे. असा फिल्टर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. फिल्टर स्वच्छ असूनही हवेचा झोत मंद असेल, तर ब्लोअरच्या, म्हणजे आतल्या पंख्याच्या, पात्यांत मळ भरलेला असू शकतो, आणि ते काम मात्र मेकॅनिकचे.

आपल्याकडच्या रात्रीचाही यात वाटा आहे. दुपारी तापलेले बेळगाव वळवाच्या एका सरीने गार होते, पण रिमोटवर १६ अंश आणि पंखा सर्वांत मंद, हे तसेच राहते. बाहेर गारवा असताना यंत्र असे रात्रभर चालवले, तर चांगल्या एसीवरही बर्फ धरू शकतो. २०२० पासून नव्या स्टार लेबलच्या एसींना सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवण्याचा केंद्राचा नियम आहे, तो मुख्यतः विजेच्या बचतीसाठी. इथल्या पावसाळी रात्रींना तर तो फारच मानवतो.

बर्फ दिसताच कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, खाली फडके अंथरावे आणि काही तास वाट पाहावी. चाकूने किंवा स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडू नये. कॉइलच्या पट्ट्या पातळ ॲल्युमिनियमच्या असतात आणि आतल्या नळीला टोचले, तर न गेलेला गॅस खरोखरच जाईल. ‘थोडी का होईना, हवा येते आहे’ म्हणून यंत्र तसेच चालवणेही महागात पडते, कारण कॉइलमध्ये न उकळलेला द्रवरूप गॅस परत कॉम्प्रेसरमध्ये, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपात, गेल्यास यंत्रातला सर्वांत महाग भागच निकामी होऊ शकतो.

एवढे करूनही बर्फ पुन्हा आला, तर मेकॅनिकला बोलवावे, पण गळती शोधायला. नळ्यांच्या जोडाशी तेलकट डाग आहे का, साबणाच्या पाण्याला बुडबुडे येतात का, नळ्यांत भरलेल्या नायट्रोजनचा दाब टिकतो का, हे पाहून आधी दुरुस्ती, मग व्हॅक्यूम (नळ्यांतली हवा आणि बाष्प पंपाने ओढून काढणे) आणि शेवटी वजनकाट्यावर मोजून गॅस, असा क्रम त्याने पाळायला हवा. अनेक नव्या यंत्रांतला आर-३२ हा गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे नळीत गॅस असताना ज्योतीने जोडाला डाग देऊन तो सांधू देऊ नये. गळती कोठे सापडली आणि कोणता गॅस किती ग्रॅम भरला, हे पावतीवर लिहून मागावे. कंपनीने ठरवलेला गॅस आणि त्याचे वजन बाहेरच्या युनिटवरील पट्टीवर छापलेले असते, त्याच्याशी ते तिथल्या तिथे ताडून पाहता येते.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव