पाहुणा व्यासपीठावर नको, वर्गात हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सोलापूर शहरातील माध्यमिक शाळांमध्ये परगावचे, परप्रांतातले आणि क्वचित परदेशातलेही पाहुणे येत असतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र या भेटींतून विद्यार्थ्यांच्या पदरात नेमके काय पडते, याविषयी माध्यमिक वर्गांना भूगोल शिकवणारी एक शिक्षिका म्हणून मला काही लिहावेसे वाटते. पाहुण्याचा वेळ हा मुलांचा वेळ असला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. आज तो समारंभातच संपून जातो.

गेल्या हिवाळ्यात शहरातील एका शाळेत एक परदेशी दांपत्य आले होते आणि त्या कार्यक्रमाला मीही उपस्थित होते. स्वागतगीत, लेझीम, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ व सोलापुरी चादर देऊन सत्कार, मान्यवरांची मनोगते आणि आभारप्रदर्शन असा सगळा क्रम यथासांग पार पडला. मुले मैदानावर रांगेत बसून सांगितले की टाळ्या वाजवत होती. माझ्या शेजारी बसलेल्या आठवीतील एका मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर पाहुण्यांसाठी प्रश्न लिहून आणला होता : 'तुमच्या गावात टॉवेल आणि चादरी कोण विणते? ते काम घरी चालते की कारखान्यात?' तिचे वडील यंत्रमागावर काम करतात. तिचा प्रश्न अभ्यासाचा होता, जिव्हाळ्याचा होता आणि त्या पाहुण्यांनाही तो नक्कीच आवडला असता. पण आभार मानून झाले, राष्ट्रगीत झाले आणि पाहुणे चहापानासाठी कार्यालयात गेले. त्या दिवशी एकाही विद्यार्थ्याला त्यांच्याशी दोन वाक्ये बोलता आली नाहीत. पाहुण्याचा मान राखणे ही आपली रीत आहे आणि ती मोडावी असे मी सुचवत नाही. सत्कार पाच मिनिटांत आटोपावा आणि उरलेला तास मुलांना द्यावा, एवढीच अपेक्षा आहे.

असा तास दिला तर काय घडते, हे मी माझ्या वर्गात पाहिले आहे. नवरात्राच्या दिवसांत आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीच्या आईला आम्ही बोलावले होते. त्या पूर्वभागात राहतात, विड्या वळतात आणि त्यांची मातृभाषा तेलुगू आहे. येताना त्या पितळी ताट आणि पिशवीभर झेंडू, शेवंती व तंगेडूची पिवळी फुले घेऊन आल्या आणि बाकांमधल्या जागेत खाली बसून त्यांनी मुलांसमोर बतुकम्मा, म्हणजे तेलंगणातल्या त्याच नावाच्या सणातला फुलांचा मनोरा, रचायला सुरुवात केली. फुलांचा एकेक थर आतल्या बाजूला घेत वर नेताना त्यांचे हात चालत होते आणि मुले विचारत होती. ही फुले शेवटी पाण्यात का सोडायची? हा सण भाद्रपदातल्या अमावास्येला सुरू होऊन अष्टमीलाच का संपतो? पुरुष यात असतात का? वर्गातील मराठी मुलींना आपला भोंडला आठवला. तिथे मधोमध हत्तीचे चित्र आणि इथे फुलांचा मनोरा, पण दोन्हीकडे बायका-मुली फेर धरतात आणि गाणी म्हणतात, हे त्यांनी आपापसांत बोलून ताडले. मला पाठ्यपुस्तकातून हे सांगायला दोन तास लागले असते आणि ते परीक्षेपुरतेच उरले असते. त्या माऊलीला निरोप द्यायला सगळा वर्ग फाटकापर्यंत गेला होता.

यावरूनच मला वाटते की, पाहुणा म्हटला की विमानाने येणारा माणूसच आपल्या डोळ्यांसमोर येतो, ही समजूत आधी बदलायला हवी. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्या शाळा एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हे शहर उभे करण्यात मोठा वाटा उचलला आणि अक्कलकोटच्या बाजूला तर घराघरांत कन्नड बोलली जाते. तरीही या शाळांतील मुले एकमेकांना भेटतात ती केवळ क्रीडास्पर्धांत किंवा विज्ञान प्रदर्शनात, म्हणजे प्रतिस्पर्धी म्हणून. उर्दू माध्यमाच्या नववीच्या वर्गाने एक दिवस मराठी माध्यमाच्या नववीच्या वर्गात येऊन बसावे, डबा एकत्र खावा आणि पुढच्या महिन्यात मराठी वर्गाने परतभेट द्यावी, यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही. दोन मुख्याध्यापकांनी एकमेकांना फोन केला की काम झाले.

दुसरी गोष्ट पाठ्यपुस्तकाची. राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलाचे पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांच्या तुलनेवर बेतलेले आहे आणि त्यातला पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. ही योजना मला मनापासून आवडते. पण आपली मुले ॲमेझॉनचे खोरे, ब्राझीलची उच्चभूमी आणि तिथली लोकसंख्येची घनता पाठ करतात आणि ब्राझीलमधल्या एकाही माणसाचा आवाज न ऐकता परीक्षा देऊन मोकळी होतात. सोलापुरात संध्याकाळचे ५.३० वाजतात तेव्हा ब्राझिलियात सकाळचे ९ वाजलेले असतात, म्हणजे आपली शाळा सुटताना तिथली शाळा चालू असते. व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बोलणे अशक्य नाही. तिकडची भाषा पोर्तुगीज असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या इंग्रजीच्या शिक्षकांना मध्ये बसावे लागेल आणि संभाषण अडखळत होईल. अडखळू द्यावे. समोरच्याला आपले म्हणणे कळले नाही म्हणून ते दुसऱ्या शब्दांत सांगण्याची धडपड हेही मोठे शिक्षण आहे.

हे सोलापूरला नवे नाही. आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. परस्परांशी वैर असलेल्या देशांतील मुलांना त्यांनी इंटरनेटवरून एकमेकांशी बोलते केले होते, हे आपण सर्वांनी अभिमानाने वाचले. माढा तालुक्यातल्या एका लहान प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला जे साधले, ते सोलापूर शहरातील मोठ्या माध्यमिक शाळांना का साधू नये?

आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस तर याच मातीतले. १९३८ साली ते पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथेच संसार मांडला आणि १९४२ साली वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मस्थानी उभारलेले स्मारक पाहण्यासाठी आजवर अनेक चिनी पाहुणे सोलापुरात येऊन गेले आहेत. पुढच्या वेळी असे पाहुणे आले तर त्यांच्यापैकी एक-दोघांना नववीच्या वर्गात तासभर बसवता येईल का, याचा संबंधितांनी विचार करावा. कोटणीसांची समाधी जिथे आहे त्या शिजियाच्वांगच्या मुलांना त्यांच्याविषयी काय सांगितले जाते, हे आपल्या मुलांनी विचारावे. सोलापुरातील सकाळचे ११ म्हणजे चीनमधले दुपारचे १.३०, त्यामुळे तिथल्या एखाद्या शाळेशी थेट बोलणेही वेळेच्या दृष्टीने सोयीचे आहे. दोन देशांच्या सरकारांचे संबंध कसेही असोत, या एका नात्याने आपली मुले तिथल्या मुलांशी बोलू शकतात. ही ठेव फार थोड्या शहरांकडे आहे आणि ती आपण वापरत नाही, याची मला खंत वाटते.

अशा भेटीत मुलांनाही प्रश्न विचारले जातात आणि माझ्या मते भेटीचा सर्वांत मोठा लाभ तोच आहे. एका पाहुण्याने आमच्या वर्गाला गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या उंच नंदीध्वजांविषयी विचारले. नंदीध्वज सात आहेत हे सर्वांना ठाऊक होते, पण त्यांचे लग्न कोणाशी आणि कशासाठी लागते, हे सांगताना वर्ग गोंधळला. शेवटी एका मुलीने उठून सिद्धरामेश्वर आणि कुंभारकन्येची कथा सांगितली. विवाहाचा हट्ट धरणाऱ्या कन्येला योगी सिद्धरामेश्वरांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली आणि म्हणून आजही अक्षता पडतात, हे तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण न थांबता सांगितले. दरवर्षी अक्षता टाकून येणारी बाकीची मुले ती कथा तेव्हा प्रथमच नीट ऐकत होती. दुसऱ्याला समजावून सांगण्याची वेळ आली की आपलेच आपल्याला किती ठाऊक आहे, हे मुलांना कळते.

पालकांच्या काही शंका रास्त आहेत आणि शाळांनी त्यांची दखल घ्यावी. पाहुण्यांसोबत वर्गशिक्षकाने पूर्ण वेळ थांबावे, पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांची छायाचित्रे काढू देऊ नयेत आणि फोन क्रमांकांची देवाणघेवाण होऊ देऊ नये. अभ्यासक्रम मागे पडेल, ही भीती मात्र मला पटत नाही. दहावीचे वर्ष सोडून द्या. आठवी-नववीला महिन्यातून एक तास काढणे कोणत्याही वेळापत्रकात बसते. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, त्यातील दोन दिवस या कामासाठी ठेवता येतील. 'एक भारत श्रेष्ठ भारत' उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. तिथे संबलपूरच्या बाजूला सूत आधी बांधून, रंगवून मग विणतात आणि इथे चादरीवरची नक्षी मागावरच्या जॅकार्ड यंत्रणेने विणतानाच उतरते. विणकरांची मुले विणकरांच्या मुलांशी बोलली, तर ओडिशाची माहिती भिंतीवरच्या तक्त्यापुरती राहणार नाही.

माध्यमिक विभागाच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी आणि मुख्याध्यापक संघाने येत्या जूनपूर्वी शाळांच्या वार्षिक नियोजनात या तासाला जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे. आपल्या वाचकांनाही एक विनंती करते. नोकरी-शिक्षणानिमित्त परप्रांतात किंवा परदेशात राहणारे कितीतरी सोलापूरकर दिवाळीला आणि गड्ड्याच्या यात्रेला घरी येतात. त्यांनी येण्यापूर्वी जवळच्या एखाद्या शाळेला कळवावे, सोबत तिकडचा एखादा मित्र असेल तर त्यालाही आणावे, भाषण तयार करू नये आणि मुले विचारतील त्याची उत्तरे द्यावीत.

आपली विश्वासू,
एक भूगोल शिक्षिका, सोलापूर