कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना

मावशी, सा. न.

आपल्या कोपऱ्यावरच्या करंजाला या वर्षी भरभरून पालवी फुटलीय. सोलापूरचं ऊन, पारा चाळीसच्या वर, आणि त्यात ते झाड उभं आहे ते तुमच्यामुळे. कधीचं सांगायचं राहिलंय, म्हणून हे पत्र.

ज्यांनी ही रोपं लावली त्यांचे फोटो झाले, हारतुरे झाले. नंतर इकडे कुणी फिरकलं नाही. वाळलेली रोपं आम्ही उपटली तर मुळांना काळी पिशवी तशीच! २०१९ च्या पावसाळ्यात राज्याचं लक्ष्य ३३ कोटी झाडांचं होतं. एवढ्या मोठ्या आकड्यांच्या काळात एक पिशवी फाडायला कुणाला सवड मिळू नये, याची चीड अजून जात नाही. तक्रार घेऊन गेलो तर "आमचं काम लावायचं, पाण्याचं आम्हाला विचारू नका," असं ऐकून परत आलो.

तुम्ही कुणाला विचारत बसला नाहीत. नळाला रोज पाणी येत नाही, तरी पालेभाजी धुतलेलं पाणी तुम्ही कधी गटारात ओतलं नाही. शाळा सुटली की पोरांना हाक मारायचात, "बाटलीत उरलंय का रे? ओत आळ्यात." आता ती पोरं न सांगताच थांबतात. इस्त्रीवाले दादा आळ्यातलं तण काढतात.

पण माझ्या मनात घर करून राहिलंय ते सुतळीचं. रोप जाळीला करकचून बांधलेलं होतं. खोड जाड झालं तशी सुतळी सालीत रुतली. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं; ती वाट आवळली की झाड उभ्या उभ्या मरतं. आम्ही सगळे रोज तिथूनच जायचो, कुणाला दिसलं नाही. तुम्ही गिऱ्हाईक थांबवलंत, विळ्याच्या टोकानं एकेक धागा सोडवलात, सालीला जराही न दुखवता. मग जुन्या लुगड्याची पट्टी काढून खोड आणि जाळीमध्ये आठाच्या आकड्यासारखी सैल बांधलीत. म्हणालात, "लेकराला गळ्याशी आवळून बांधतंय का कुणी?"

मावशी, कुणी बघत नसताना असं वागणारी माणसं आहेत म्हणून या शहरात राहावंसं वाटतं. मनापासून आभार.

यंदा पहिला पाऊस झाला की गल्लीतले आम्ही सगळे मिळून कडुनिंब लावणार आहोत. पाण्याच्या पाळ्या आधीच वाटून घेतल्यात. जागा तुम्ही दाखवा, तिथंच खड्डा घेऊ.

तुमचं रोजचं गिऱ्हाईक